गिअर अडतोय? इंजिन उघडण्याआधी एवढं तपासा



आज अवजाराबद्दल बोलायचं आहे. पण नांगर, पाभर किंवा कोळप्याबद्दल नाही, मोटारसायकलबद्दल. कुणी म्हणेल, मोटारसायकल हे काय शेतीचं अवजार झालं? पण जरा आपल्या दिवसाचा हिशेब मांडून बघा. सकाळी दुधाचे कॅन डेअरीवर न्यायचे ते मोटारसायकलवर. भूम-वाशीकडे खव्याच्या भट्टीला दूध घालायचं ते तिच्यावरच. मोटार जळाली, कळंबला किंवा तुळजापूरला वायंडिंगला न्यायची, ती मागं बांधून. खताचं पोतं, फवारणीचा पंप, औषधाची बाटली, आणि रात्री-अपरात्री कुणी आजारी पडलं तर तो माणूससुद्धा तिच्यावरच. बैलजोडी नसलेलं घर आज गावात सापडेल, मोटारसायकल नसलेलं घर शोधावं लागेल.

आणि आपल्यापैकी पुष्कळांची गाडी ही जुनी घेतलेली असते. पाव्हण्याकडून, गावातल्या नोकरदाराकडून, नाहीतर तालुक्याच्या ठिकाणी गाड्यांच्या खरेदी-विक्रीचं दुकान असतं, तिथून. गाडी घरी येते, महिना-दोन महिने बरी चालते आणि मग एक दिवस गिअर अडायला लागतो. पहिला टाकताना खाडकन आवाज येतो. दुसरा पडतच नाही. चौकात थांबलं की न्यूट्रल सापडत नाही, पाय वर-खाली करून माणूस थकतो. मग कुणीतरी सांगतं, "गिअरबॉक्स गेला, इंजिन उघडावं लागंल." आपण घाबरतो. उधार-उसनवार करून इंजिन उघडतो, आणि कितीदा तरी असं होतं की एवढं सगळं करूनही गिअर पहिल्यासारखाच अडत राहतो. कारण दुखणं होतं पायात आणि इलाज केला पोटाचा.

म्हणून आज एकच गोष्ट सांगायची आहे. गिअर अडतो म्हणजे गिअरबॉक्स गेला असं नव्हे. बहुतेक वेळा दोष बाहेरच असतो आणि तो घरच्या घरी, एका पान्यानं आणि थोड्या तेलानं सापडतो. तो शोधायचा कसा, तेवढं पाहू.

गिअर पडतो कसा?

आधी आत काय चालतं ते समजून घेऊ, म्हणजे पुढचं सोपं जाईल. गिअरबॉक्समध्ये दातेरी चाकांच्या जोड्या असतात. या जोड्या एकमेकींत कायमच गुंतलेल्या असतात. तुम्ही पायानं लिव्हर दाबता तेव्हा आत एक ड्रम थोडासा फिरतो. त्या ड्रमवर नागमोडी खाचा असतात. खाचांत बेचक्यासारखे लोखंडी फोर्क बसलेले असतात. ड्रम फिरला की फोर्क बाजूला सरकतो आणि एका चाकाला ढकलतो. त्या चाकाच्या अंगावर खुंटे असतात, ते शेजारच्या चाकाच्या खोबणीत जाऊन बसतात. खुंटा बसला, गिअर पडला. खुंटा निघाला, गिअर सुटला.

आता ट्रॅक्टरची ट्रॉली डोळ्यांपुढं आणा. ट्रॅक्टर ट्रॉलीला ओढत असताना हुकातली पिन उपसून बघा. निघेल का? हातोडा मारला तरी निघणार नाही. पण ड्रायव्हरनं ट्रॅक्टर वीतभर मागं घेतला, ताण सुटला, की तीच पिन दोन बोटांनी निघते. गिअरच्या खुंट्याचंही असंच आहे. इंजिन ओढत असेल तोवर खुंटा सुटत नाही आणि दुसरा नीट बसत नाही. हा ताण सोडवायचं काम क्लचचं. क्लच दाबला की इंजिन आणि गिअरबॉक्स यांची फारकत व्हायला हवी. ही फारकत पुरी झाली नाही, तर गिअर अडणारच. पिन चांगली आहे, हुक चांगला आहे, पण ताण सुटलेला नाही. अशा वेळी पिनेला हातोडा मारण्यात काय अर्थ? म्हणून गिअर अडला की पहिला संशय क्लचवर घ्या, गिअरबॉक्सवर नाही.

पहिली परीक्षा : इंजिन बंद करून

गाडी सपाट, कडक जागी मधल्या स्टँडवर लावा. इंजिन बंद करा आणि किल्ली काढून खिशात ठेवा. आता एका हातानं मागचं चाक हळूहळू फिरवत, दुसऱ्या हातानं गिअरची लिव्हर दाबून एकेक गिअर टाकून बघा. चाक फिरवणं विसरू नका. चाक उभं असेल तर खुंटा खोबणीसमोर येतोच असं नाही, आणि चांगल्या गाडीचाही गिअर पडत नाही. चाक फिरवताना बोटं टायरवर ठेवा, आऱ्यांत किंवा चेनजवळ नेऊ नका. मधला स्टँड नसेल तर इंजिन बंद ठेवून, सोबत्याला गाडी पुढं-मागं ढकलायला सांगा आणि गिअर टाकून बघा.

या एका परीक्षेत निम्मं निदान होतं. इंजिन बंद असताना सगळे गिअर अलगद पडत असतील आणि इंजिन चालू केल्यावर अडत असतील, तर गिअरबॉक्स बहुधा शाबूत आहे. क्लच, केबल, तेल किंवा वाढलेली रेस यांत दोष शोधा. इंजिन बंद असतानाही अडत असतील, तर लिव्हर, तिचा दांडा किंवा आतला भाग बघायला लागेल.

दुसरी परीक्षा : इंजिन चालू करून

गाडी मधल्या स्टँडवरच ठेवा. पुढं-मागं कुणी उभं नको, लेकरांना लांब करा. धोतराचा सोगा, उपरणं, साडीचा पदर आवरून घ्या. फिरत्या चाकात कापड गेलं तर माणूस ओढला जातो. इंजिन चालू करून चार-पाच मिनिटं तापू द्या. मग क्लच पुरता दाबा आणि पहिला गिअर टाका. क्लच दाबलेलाच ठेवा. मागचं चाक थोडं फिरेल, त्यात काही वावगं नाही. तेलाच्या चिकटपणानं ते फिरतं. आता पायानं मागचा ब्रेक हलकेच दाबा. चाक सहज थांबलं आणि इंजिन आपल्या चालीनं चालत राहिलं, तर क्लच नीट सुटतो आहे. ब्रेक दाबल्यावर इंजिन दबायला लागलं, बंद पडायला आलं, तर क्लच अर्धवट सुटतो आहे. ताण राहिलेला आहे. तुमच्या गिअरचं दुखणं इथंच आहे. ही परीक्षा करताना चाकाला हात लावून थांबवायला जाऊ नका. ब्रेक आहे तो त्यासाठीच.

अंगण, ढाळज आणि माजघर

वाड्यात जायचं तर आधी अंगण लागतं, मग ढाळज, मग माजघर. कुणी भिंत फोडून थेट माजघरात शिरत नाही. गाडीची तपासणीही अशीच करायची. अंगण म्हणजे बाहेरून दिसणारे भाग: केबल, लिव्हर, चेन, तेल. ढाळज म्हणजे उजव्या अंगाचं क्लचचं झाकण काढल्यावर जे दिसतं ते. माजघर म्हणजे इंजिनचे दोन भाग फोडून वेगळे केल्यावर सापडतं ते. अंगणात खर्च थोडा, ढाळजेत त्याहून जास्त आणि माजघरात सगळ्यात जास्त. म्हणून अंगण पुरतं झाडल्याशिवाय आत जायचं नाही.

अंगण : क्लचची केबल

हँडलवरची क्लचची लिव्हर दोन बोटांनी हलकेच ओढा. सुरुवातीला ती थोडी सैल हलेल, मग तिला ताण लागेल. ही सैल चाल लिव्हरच्या टोकाशी साधारण १० ते २० मिलिमीटर असावी, म्हणजे करंगळीच्या जाडीपासून अंगठ्याच्या रुंदीपर्यंत. गाडीबरोबर पुस्तक मिळालं असेल तर त्यातला आकडा खरा माना.

ही चाल जास्त झाली, तर लिव्हर मुठीला टेकली तरी आत क्लच पुरता सुटत नाही आणि गिअर अडतो. चाल अजिबात नसली, तर क्लच कायमचा थोडा दाबलेला राहतो, प्लेटा घसरतात आणि जळतात. तेव्हा इंजिन ओरडतं पण गाडी ओढत नाही. म्हणजे केबल फार ढिली नको आणि फार ताठही नको. गिअर अडतो म्हणून केबल ताठ करत सुटलात, तर एक दुखणं जाऊन दुसरं यायचं.

चाल कमी-जास्त करायला केबलच्या टोकाशी नट असतात, एक लिव्हरजवळ आणि एक इंजिनजवळ. आधी चेकनट ढिला करायचा, चाल जुळवायची आणि चेकनट पुन्हा आवळायचा. आवळल्यावर हँडल डावीकडं-उजवीकडं पुरतं वळवून बघा. वळवताना चाल बदलत असेल तर केबल कुठंतरी अडकलेली किंवा दुमडलेली आहे.

मग केबलची टोकं बघा. तारा सुटून कुंच्यासारख्या झाल्या असतील तर ती केबल आज ना उद्या तुटणार, आणि ती तुटणार ती नेमकी घाटात नाहीतर सोयाबीनच्या राशीच्या दिवशी. वेळीच बदला. तारा चांगल्या आहेत पण लिव्हर जड चालते, तर केबलच्या नळीत वरच्या तोंडानं थेंब-थेंब तेल सोडा आणि लिव्हर दाबत-सोडत राहा. बोअरच्या पाण्याचा जोराचा फवारा मारून गाडी धुतली की पाणी नळीत शिरतं आणि आत गंज धरतो. खताची पोती वाहणाऱ्या गाडीला तर गंज लवकर लागतो. म्हणून धुतल्यावर केबलला आणि चेनला तेल दाखवायची सवय ठेवा.

लिव्हरचा खिळा झिजून भोक लांबोडं झालं असेल तर तिथंही चाल वाया जाते. खिळा किंवा लिव्हर बदलली की काम भागतं.

अंगण : पायाची गिअर लिव्हर

गाडी कधी डाव्या अंगावर पडली असेल तर गिअरची लिव्हर वाकते. वाकलेली लिव्हर इंजिनच्या झाकणाला किंवा पायाच्या दांडीला घासते, आणि गिअर अर्ध्यातच राहतो. लिव्हरच्या मागं बोट घालून बघा, सगळीकडं मोकळी जागा आहे का.

दुसरं म्हणजे तिचा बोल्ट. लिव्हर ज्या दांड्यावर बसते त्याला बारीक दाते असतात. बोल्ट ढिला राहिला की दाते झिजतात, लिव्हर जागच्या जागी हलते आणि पाय मारूनही आत जोर पोचत नाही. बोल्ट आवळून बघा. आवळूनही लिव्हर डुगडुगत असेल तर दाते गेले. आधी लिव्हर बदलून बघा.

तिसरं आपल्या काळ्या मातीचं. पावसाळ्यात शेतातून गाडी आणली की ही चिकट माती डाव्या अंगाला, पुढच्या स्प्रॉकेटच्या झाकणाखाली जाऊन बसते. उन्हानं ती वाळते आणि विटेसारखी कडक होते. गिअरचा दांडा तिथूनच बाहेर येतो. तो या मातीत जखडला की लिव्हर दाबल्यावर परत येत नाही आणि दुसऱ्यांदा पाय मारला तर गिअर पडत नाही. झाकण काढा, लाकडी काडीनं माती खरवडा, रॉकेल किंवा डिझेलच्या फडक्यानं पुसा आणि दांड्याला थेंबभर तेल द्या. दांड्याच्या मुळाशी रबरी ऑइलसील असतं, त्याला टोकदार वस्तू लावू नका, नाहीतर तेल गळायला लागेल.

अंगण : चेन

चेन-स्प्रॉकेट, ज्याला आपल्याकडं चेन सॉकेट म्हणतात, ते झिजलं तरी गिअर टाकताना हिसका बसतो आणि माणसाला वाटतं गिअरबॉक्स खराब झाला. गाडी न्यूट्रलमध्ये आणि इंजिन बंद ठेवून चेन मधोमध वर-खाली हलवा. बऱ्याच लहान गाड्यांत २० ते ३० मिलिमीटर हालचाल ठीक असते. चाक थोडं थोडं फिरवून चार-पाच ठिकाणी बघा. एका जागी ताठ आणि दुसऱ्या जागी ढिली लागली तर चेन असमान ओढली गेली आहे. नुसती आवळून उपयोग नाही. स्प्रॉकेटचे दात करवतीसारखे टोकदार आणि एका अंगाला कललेले दिसले, तर चेन आणि दोन्ही स्प्रॉकेट एकत्र बदला. जुन्या दातांवर नवी चेन घातली तर नवी चेनही लवकर खराब होते. चेन आवळल्यावर मागच्या चाकाच्या दोन्ही बाजूंच्या खुणा सारख्या आहेत ना, एवढं बघा.

अंगण : तेल आणि रेस

१९७०-८० च्या काळात आपल्या भागात राजदूत, येझदी, बुलेट अशा गाड्या असत. राजदूत-येझदीसारख्या दोन स्ट्रोकच्या गाड्यांत इंजिनचं तेल पेट्रोलमध्ये मिसळत आणि गिअरबॉक्सचं तेल वेगळं असे. १९८५ साली हिरो होंडाची सीडी १०० आली आणि पुढं खेडोपाडी चार स्ट्रोकच्या गाड्या पसरल्या. या बहुतेक गाड्यांत इंजिन, क्लच आणि गिअरबॉक्स तिघांना एकच तेल असतं. म्हणजे तेल खराब झालं की तिघंही आजारी. आणि १०० सीसीच्या गाडीत तेल बसतं तरी किती? एक लिटरच्या आसपास. त्यातलं पावशेर जळालं किंवा गळालं तरी फरक पडतो.

गाडी सपाट जागी उभी करा, दोन-चार मिनिटं चालवून बंद करा, तेल खाली उतरू द्या आणि मग कांडीवर बघा. कांडी नुसती टेकवायची की आटे फिरवून बसवायची, हे गाडीगाडीत वेगळं असतं, पुस्तकात बघा. जुनी गाडी घेतल्यावर आधीच्या मालकानं कधी आणि कोणतं तेल घातलं याची खात्री नसते. म्हणून पहिलं काम, तेल बदला. हीच सगळ्यात स्वस्त दुरुस्ती आहे.

इथं एक चूक फार होते. घरात ट्रॅक्टरचं तेल उरलेलं असतं, तेच मोटारसायकलमध्ये ओततात. तेल ते तेलच, असं वाटतं. तसं नाही. मोटारसायकलचा क्लच तेलात बुडालेला असतो. त्याला मोटारसायकलसाठीचंच तेल लागतं. डब्यावर 'जासो एमए' किंवा 'एमए२' असं लिहिलेलं असतं, ते बघा, आणि नंबर पुस्तकात दिलेला घ्या. चारचाकीच्या काही तेलांत घर्षण कमी करणारी द्रव्यं असतात, त्यानं क्लच घसरतो. आणि आवाज दाबायला गिअरचं ९० नंबरचं जाड तेल इंजिनमध्ये घालणं तर फारच वाईट. जाड तेलानं प्लेटा एकमेकींना चिकटून राहतात, क्लच सुटत नाही, आणि इंजिनच्या बारीक छिद्रांत तेल वेळेवर पोचत नाही.

जुनं तेल काढाल तेव्हा ते पांढऱ्या ताटात किंवा कापलेल्या कॅनमध्ये धरा आणि उन्हात नेऊन बघा. बारीक करडी चमक असेल तर ती झिजेची, जुन्या गाडीत थोडी असतेच. पण बोटाला टोचतील असे कण, दाताचा तुकडा, चकाकणारे कपचे दिसले तर सावध व्हा. जुन्या रेडिओच्या स्पीकरचा लोहचुंबक त्या तेलात फिरवा; पोलादी तुकडे त्याला चिकटतील. असं झालं तर दोष माजघरात आहे आणि गाडी आणखी चालवणं धोक्याचं आहे. काढलेलं तेल बांधावर किंवा विहिरीजवळ ओतू नका. डब्यात भरून गॅरेजवर द्या.

शेवटी रेस बघा. थांबल्यावर इंजिन उगाच जोरात पळत असेल तर पहिला गिअर खाडकन पडतो. रेस कमी करून बघा. सकाळी थंड गाडीत पहिला टाकताना 'टक' असा आवाज आला तर काळजी नको; रात्रभर प्लेटा तेलानं चिकटलेल्या असतात. गाडी तापल्यावरही खाडखाड राहिली तर मात्र बघायला हवं.

ढाळज : क्लचचं झाकण

अंगण झाडूनही गिअर अडतोच, तर मेस्त्रीकडं जा आणि फक्त क्लचचं झाकण काढून बघायला सांगा. १०० सीसीच्या पुष्कळ गाड्यांत यासाठी इंजिन फोडावं लागत नाही. तिथं चार गोष्टी बघायच्या. एक, प्लेटा झिजल्या किंवा जळाल्या आहेत का. जळालेल्या प्लेटेचा वास येतो. दोन, लोखंडी प्लेटा वाकल्या आहेत का. काचेवर ठेवल्या की डुगडुगतात. तीन, प्लेटा ज्या डब्यात बसतात त्याच्या कडांना खड्डे पडलेत का. खड्ड्यात प्लेट अडली की क्लच सुटत नाही. नुसत्या प्लेटा बदलल्या आणि हे खड्डे राहिले, तर महिन्यात पुन्हा तेच. चार, लिव्हर परत आणणारा स्प्रिंग आणि ड्रमला जागेवर धरणारा छोटा स्प्रिंगचा आकडा. लिव्हर दाबल्यावर परत येत नसेल, किंवा दोन गिअरच्या मध्येच खोटा न्यूट्रल लागत असेल, तर संशय या स्प्रिंगांवर घ्या. वस्तू लहान असते, त्रास मोठा देते.

माजघर : आता इंजिन उघडायला हरकत नाही

मग इंजिन कधी फोडायचं? याच्या खुणा ठरलेल्या आहेत. चढावर ओढत असताना गिअर आपोआप सुटून न्यूट्रल होतो. तोही ठराविक, बहुधा दुसरा किंवा तिसरा. तेलात तुकडे सापडतात. एखाद्या गिअरमध्ये रडका, घर्रघर्र आवाज येतो आणि बाकीच्यांत येत नाही. किंवा केबल, तेल, लिव्हर, क्लच सगळं ठीक करूनही एकच गिअर पडत नाही. यात खुंट्यांच्या कडा झिजून गोल झालेल्या असतात, किंवा फोर्क वाकलेला-झिजलेला असतो, किंवा बेअरिंग गेलेलं असतं. याला घरी इलाज नाही.

आपोआप सुटणारा गिअर हा केवळ खर्चाचा प्रश्न नाही. तुळजापूरच्या घाटात मागं माणूस बसलेला, समोर ट्रक, आणि गिअर सुटला, तर गाडीला इंजिनचा आधार राहत नाही. असा दोष दिसला की ओझं वाहणं आणि घाट चढणं-उतरणं बंद करा, आधी दुरुस्ती करा.

मेस्त्रीला "गिअर खराब झालाय" एवढंच सांगू नका. कोणता गिअर, थंड असताना की तापल्यावर, वर टाकताना की खाली घेताना, इंजिन बंद असताना पडतो की नाही, हे सगळं सांगा. वैद्याला दुखणं नीट सांगितलं की औषध नीट मिळतं. आणि बदललेले जुने भाग परत मागून घ्या. यात अविश्वास नाही. काय झिजलं होतं ते आपल्यालाही कळतं.

पायाची सवय

गाडी चांगली असून चालवण्यानंही गिअर बिघडतात. लिव्हरवर सतत पाय ठेवून गाडी हाकू नका. फोर्कवर ताण राहतो. क्लच अर्धा दाबून गिअर मारू नका. चौथ्यात धावती गाडी एकदम उभी केली आणि मग खाली घ्यायला गेलात, तर गिअर पडणार नाही. तो दोष नाही, खुंटा खोबणीसमोर आलेला नसतो. क्लच दाबून गाडी थोडी पुढं-मागं सरकवा, पडेल. थांबायच्या आधीच, गाडी चालती असताना एकेक गिअर खाली आणत जा. चिखलात गाडी रुतली तर क्लच अर्धा धरून रेस देत बसू नका. पाच मिनिटांत प्लेटा जळतात. उतरा आणि ढकला.

घरात दुसरी गाडी आली असेल तर गिअरचा क्रमही समजून घ्या. काही गाड्यांत सगळे गिअर एकाच दिशेला पडतात, काहींत पहिला खाली आणि बाकीचे वर. जुन्या बुलेटची तर गिअरची लिव्हर उजव्या पायाकडं असते. एका गाडीची सवय दुसरीवर चालवली की पाय चुकतो आणि बोल गाडीला लागतो.

जुनी गाडी घेताना

पैसे देण्याआधी गाडी थंड असताना बघा. विकणाऱ्यानं आधीच तापवून ठेवली असेल तर ती थंड होईपर्यंत थांबा, चहा घ्या. मग वर सांगितलेल्या दोन्ही परीक्षा करा. नंतर स्वतः चालवा. सगळे गिअर वर टाका, सगळे खाली आणा. एखाद्या चढावर दुसऱ्या आणि तिसऱ्या गिअरमध्ये रेस द्या, सोडा, पुन्हा द्या. गिअर सुटला तर ती गाडी घेऊ नका, किंवा इंजिनच्या कामाचा खर्च किमतीतून वजा करा. थांबून न्यूट्रल सापडतो का बघा. केबलचे नट शेवटपर्यंत फिरवून संपलेले असतील तर केबल ताणली आहे किंवा प्लेटा संपत आल्या आहेत.

कागदही बघा. आर.सी. बुकावरचा इंजिन आणि चेसिसचा नंबर गाडीवरच्या नंबराशी जुळवा. बँकेचं किंवा फायनान्सचं कर्ज चढवलेलं नाही ना, ते बघा. गाडी पंधरा वर्षांची होत आली असेल तर नोंदणीचं नूतनीकरण करावं लागेल, तो खर्च धरा. गाडी एम.एच. २५ म्हणजे आपल्याच जिल्ह्याची असो की बाहेरची, नावावर करून घ्या. नमुना २९ आणि ३० वर सही घेतल्याशिवाय पुरे पैसे देऊ नका. राज्यातल्या राज्यात विकणाऱ्यानं १४ दिवसांत आणि घेणाऱ्यानं ३० दिवसांत आर.टी.ओ. कार्यालयाला कळवायचं असतं. नाव तसंच राहिलं तर पुढं अपघात झाला की दोघंही अडचणीत येतात.

ध्यानात ठेवा

१. गिअर अडला की पहिला संशय क्लचवर, शेवटचा गिअरबॉक्सवर.
२. इंजिन बंद करून, चाक फिरवत गिअर टाकून बघा. मगच पुढचं.
३. क्लचच्या लिव्हरची सैल चाल १० ते २० मिलिमीटर ठेवा. फार ढिली नको, फार ताठ नको.
४. गिअरच्या दांड्याजवळची वाळलेली माती काढा, बोल्ट आवळा.
५. मोटारसायकलचंच तेल घाला. ट्रॅक्टरचं नको, जाड तेल तर नकोच.
६. तेलात तुकडे दिसले किंवा चढावर गिअर सुटला, तरच इंजिन उघडा. तोवर गाडीवर ओझं नको.
७. आधी अंगण, मग ढाळज, मग माजघर.

बैलाच्या पायात काटा रुतला तर आपण आधी खूर उचलून बघतो, बैल म्हातारा झाला असं म्हणून बाजाराला नेत नाही. गाडीच्या बाबतीतही तोच धीर ठेवा. खरिपाची धांदल सुरू होण्याआधी, एखाद्या रिकाम्या दुपारी, गाडी झाडाखाली उभी करून एवढी तपासणी करून घ्या. पेरणीच्या दिवसांत तिनं दगा दिला नाही, की त्या दुपारचं मोल वसूल झालं.

राम राम.